प्रोजेक्टर आधी की खोली आधी?

ऐरोलीतील एका वाचकाच्या पत्राचा सारांश : हे वाचक चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी यांच्यासह ते दोन बेडरूमच्या सदनिकेत राहतात आणि घरात पहिलेवहिले होम थिएटर करण्याची त्यांची इच्छा आहे. महापे औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने आपले प्रशिक्षण केंद्र बंद केले. तिथला तीन ट्यूबांचा, आठ इंची सीआरटी प्रोजेक्टर (जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर चालणारा) आता तुर्भ्याच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे आहे. व्यापारी ४० हजार रुपये मागतो आणि ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, रविवारपर्यंत कळवा’ असे म्हणतो. वाचकांनी शाळकरी वयात ठाण्याच्या एका सभागृहात अशाच प्रोजेक्टरवर चित्रपट पाहिला होता आणि तसा गडद काळा रंग आजच्या प्रोजेक्टरवर त्यांना कुठेच दिसलेला नाही. पडदा, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर धरून सगळा खर्च दीड लाखाच्या आत बसवायचा आहे. खोली दहा बाय साडेअकरा फुटांची आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असल्यामुळे ‘बाकीचे शिकून घेईन’ असा विश्वास त्यांना आहे. पत्नीला मात्र ही खरेदी पटत नाही. साताऱ्याहून सासूबाई येतात तेव्हा त्या याच खोलीत झोपतात, असेही तिने बोलून दाखवले आहे. ‘घ्यावा की सोडून द्यावा?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार,

तुमचे पत्र दोनदा वाचले. प्रोजेक्टरबद्दल तुम्ही फार बारकाईने लिहिले आहे, खोलीबद्दल मात्र एकच वाक्य आहे आणि त्यात फक्त लांबी-रुंदी आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका वाक्यात दडलेले आहे, म्हणून मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

आधी तुमचे जे बरोबर आहे ते मान्य करतो. सीआरटी प्रोजेक्टरच्या काळ्या रंगाविषयी तुमची आठवण तुम्हाला फसवत नाही. एलसीडी किंवा डीएलपी या आजच्या डिजिटल जातींच्या प्रोजेक्टरमध्ये दिवा सतत पेटलेला असतो, आणि चित्राचा काळा भाग दाखवण्यासाठी तो प्रकाश अडवावा किंवा बाजूला वळवावा लागतो. अडवलेल्या प्रकाशातला थोडा तरी झिरपतोच, आणि म्हणून तिथला काळा रंग प्रत्यक्षात गडद करडा असतो. सीआरटी प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन स्वतंत्र ट्यूब असतात आणि त्या ट्यूब हाच प्रकाशाचा उगम असतो. इलेक्ट्रॉनचा झोत जिथे बंद होतो तिथे फॉस्फर, म्हणजे ट्यूबच्या काचेवरचा झोताने उजळणारा थर, उजळतच नाही, त्यामुळे त्या जागी अडवायला प्रकाशच नसतो. शिवाय या चित्राला पिक्सेलची जाळी नसते, एका चिपच्या डीएलपीत काहींना दिसणारे इंद्रधनुषी पट्टे नसतात आणि हलत्या दृश्यात येणारा पुसटपणाही फारसा नसतो. रात्रीचा प्रसंग, कंदिलाचा उजेड, अंधारातून पुढे येणारा चेहरा अशी दृश्ये चांगल्या स्थितीतल्या सीआरटीवर ज्याने पाहिली आहेत, त्याला त्यांची ओढ वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मला स्वतःला ती वाटते.

तसेच चित्र घरीही दिसेल, हे तुमचे पहिले गृहीतक आहे. परंतु तुम्ही ते चित्र एका सभागृहात पाहिले होते. तिथे उंच छत होते, दारे बंद होती, भिंती पडद्यापासून दूर होत्या आणि बहुधा गडद रंगाच्या होत्या. पडद्यावर दिसणारा काळा रंग यंत्राइतकाच त्या अंधाराचा होता. ऐरोलीच्या नेहमीच्या सदनिकेतली खोली डोळ्यांसमोर आणा. पांढरे पीओपीचे छत, फिकट रंगाच्या भिंती, चकचकीत टाइल्स आणि सरकत्या काचेच्या खिडकीतून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड. चित्राच्या उजळ भागातून निघालेला प्रकाश अशा छतावर आणि भिंतींवर आपटून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळ्या भागावर पसरतो. यंत्राने जो प्रकाश पाठवलाच नाही, तो खोली आणून देते. म्हणजे ज्या एका गुणासाठी तुम्ही ४० हजार रुपये मोजायला निघाला आहात, तो गुण आजच्या स्थितीतल्या तुमच्या खोलीत बहुतांशी वाया जाईल.

आता जागेचा हिशेब करू. या प्रोजेक्टरला झूम नसते. लेन्स ठरावीक असते, त्यामुळे पडदा जितका रुंद, तितके लेन्सपासूनचे अंतरही ठरून जाते. हे अंतर लेन्सप्रमाणे बदलते, पण पडद्याच्या रुंदीच्या साधारण सव्वा ते दीडपट धरायला हरकत नाही. सहा फूट रुंदीचा पडदा लावायचा तर लेन्स साडेसात ते नऊ फुटांवर हवी. यंत्राची लांबीच तीन फुटांच्या आसपास असते, आणि मागे केबल व हवेसाठी निदान अर्धा फूट सोडावा लागतो. बेरीज अकरा ते साडेबारा फुटांवर जाते आणि तुमची खोली साडेअकरा फुटांची आहे. पडद्याची रुंदी पाच फुटांवर आणली तर यंत्र मावेल, पण पाच फूट रुंद पडदा म्हणजे तिरपे मोजून ६९ इंचांचे चित्र. दुकानात ६५ आणि ७५ इंची टीव्ही मिळतात, हे लक्षात घेतले की हा सगळा खटाटोप नेमका कशासाठी, असा प्रश्न पडतो.

प्रकाशाचेही तसेच आहे. आठ इंची ट्यूबांच्या यंत्राच्या माहितीपत्रकात मोठा आकडा असतो, पण तो चित्राचा छोटासा भाग पांढरा असतानाचा. संपूर्ण चित्र उजळ असताना प्रत्यक्ष प्रकाश २०० एएनएसआय ल्युमेनच्या (प्रोजेक्टरचा प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास मिळतो. सहा फूट रुंद पडद्याचे क्षेत्रफळ साधारण २० चौरस फूट होते, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर सुमारे १० फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजण्याचे एकक). डिजिटल सिनेमागृहासाठीचे प्रमाण १४ फूट-लॅम्बर्टचे आहे. पूर्ण अंधारात १० पुरेसे वाटतात, पण खिडकीचा पडदा जरासा सरकला तरी चित्र फिके पडते. रविवारी दुपारी मुलीला कार्टून लावून देण्याचे हे साधन नाही. उजेड वाढवण्यासाठी जास्त परावर्तनाचा पडदा घ्यावा, असे कोणी सुचवेल. तसे करू नका. तीन लेन्स तीन वेगळ्या कोनांतून प्रकाश टाकतात, आणि अशा पडद्यावर चित्राची एक बाजू लालसर तर दुसरी निळसर दिसण्याचा धोका असतो.

तुमचे दुसरे गृहीतक किमतीचे आहे. ४० हजार ही या खरेदीतली पहिली रक्कम आहे. आठ इंची यंत्र साठ-सत्तर किलो किंवा त्याहून जड असते. तुर्भ्याहून ऐरोलीला ते ‘छोटा हत्ती’तून येईल, पण वर चढवायला चार माणसे लागतील आणि लिफ्टमध्ये ते मावते का, हे आधी टेप लावून पाहावे लागेल. जमिनीवर ठेवले तर स्लॅबला काही होणार नाही, कारण निवासी इमारतींची जमीन दर चौरस मीटरला २०० किलोंचा भार धरून आखलेली असते. पण जमिनीवर ठेवल्यास साडेअकरा फुटांच्या खोलीत तुम्ही बसणार कुठे? म्हणजे छताला टांगणे आले, आणि टांगणे ही अगदी वेगळी बाब आहे. पीओपी हा भार पेलू शकत नाही. तो थेट आरसीसी स्लॅबमध्ये, योग्य अँकर ठोकून घ्यावा लागतो. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची गळती त्या स्लॅबमध्ये उतरलेली नाही ना, लोखंड गंजून प्लॅस्टर सुटलेले नाही ना, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि सोसायटीला लेखी कळवल्याशिवाय तुमच्या मुलीच्या डोक्यावर सत्तर किलो टांगू नका. या मुद्द्यावर मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही.

त्यानंतर सिग्नलचा प्रश्न येतो. या यंत्रांना एचडीएमआय नसते. मागे लाल, हिरवा, निळा आणि दोन सिंकसाठी (चित्राची वेळ जुळवणारे सिग्नल) अशी बीएनसी या गोल, फिरवून बसणाऱ्या जोडाची पाच तोंडे असतात. सेट-टॉप बॉक्स किंवा ओटीटीच्या डोंगलमधून चित्र आणायचे तर एचडीएमआयचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर आणि पाच बीएनसीची केबल घ्यावी लागेल. स्वस्त कन्व्हर्टरवर एचडीसीपी या नक्कल रोखणाऱ्या संरक्षणामुळे ओटीटीचे चित्र काळे पडू शकते. यंत्र किती वेगाने रेषा काढू शकते, यालाही मर्यादा असते. जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीच्या चित्राला १५.६ किलोहर्ट्झ पुरत असत. ६० हर्ट्झच्या १०८०आयला ३३.७५, ७२०पीला ४५ आणि १०८०पीला ६७.५ किलोहर्ट्झ लागतात (आकडा चित्रातल्या आडव्या रेषांचा; ‘आय’ म्हणजे एका आड एक रेषा, ‘पी’ म्हणजे सगळ्या रेषा एका फेरीत). ही मर्यादा मॉडेलनुसार खूप बदलते, म्हणून व्यापाऱ्याकडून मॉडेल क्रमांक घेऊन यंत्राचे माहितीपत्रक आधी वाचा. यंत्राने सिग्नल स्वीकारला म्हणजे तेवढा तपशील पडद्यावर उमटतो असेही नाही. आठ इंची ट्यूबसाठी ७२०पी किंवा १०८०आय हा टप्पा मला सुखाचा वाटतो.

तिसरे गृहीतक ‘बाकीचे शिकून घेईन’ हे. यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या छंदाचा खरा गाभा इथे आहे आणि तुम्हाला हे यंत्र मानवेल की नाही, हेही इथेच ठरते.

तीन ट्यूब तीन वेगवेगळी चित्रे टाकतात आणि ती पडद्यावर एकमेकांवर तंतोतंत बसली तरच एक चित्र दिसते. या जुळणीला कन्व्हर्जन्स म्हणतात. यंत्र सुरू केल्यावर अर्धा तास तरी ते तापू द्यावे लागते, कारण थंड यंत्रावर केलेली जुळणी तापल्यावर सरकते. मग पडद्यावर पांढऱ्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी आणायची. पहिल्यांदा पाहाल तेव्हा मधल्या भागात रेष पांढरी दिसेल, पण कोपऱ्याकडे जाता जाता तिच्या एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला निळी किनार सुटत गेलेली असेल. आधी लाल आणि निळी ट्यूब बंद करून एकट्या हिरव्यावर काम करायचे. लेन्सचा फोकस हाताने, मग ट्यूबचा विद्युत फोकस, मग चित्राची भूमिती, म्हणजे बाजू सरळ, कोपरे काटकोनात आणि आडव्या रेषांना वाक नाही. हिरवे चित्र निर्दोष झाले की लाल सुरू करून ते हिरव्यावर बसवायचे, आणि शेवटी निळे. मध्यापासून सुरुवात करून कडांकडे आणि कोपऱ्यांकडे एकेक विभाग घेत जावे लागते. एक कोपरा जुळवला की शेजारचा थोडा हलतो, की परत मागे यायचे. पहिली नीट जुळणी ही अनेक संध्याकाळींची बाब असते. यंत्र किंवा पडदा जरासा हलला की जुळणी बिघडते, आणि काही हलले नाही तरी अधूनमधून हात फिरवावाच लागतो.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारा आणि त्याचे उत्तर मनाशी खरे द्या. वरचा परिच्छेद वाचताना तुम्हाला हुरूप आला की थकवा? हुरूप आला असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी आहे, आज नसले तरी पुढे कधीतरी. थकवा आला असेल तर तुम्हाला चित्रपट पाहायचे आहेत, यंत्र सांभाळायचे नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. होम थिएटरची इच्छा आणि सीआरटीचा छंद या दोन गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या की निर्णय पुष्कळ सोपा होईल.

तुमचा डिप्लोमा कामी येईल, पण एका बाबतीत तोच धोक्याचा ठरू शकतो. या ट्यूबांना ३० हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त ईएचटी, म्हणजे अतिउच्च दाबाची वीज, लागते, आणि यंत्र बंद करून प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये विद्युतभार साठून राहू शकतो. जुन्या टीव्हीचे काम वर्षानुवर्षे केलेला मेकॅनिक शेजारी असल्याशिवाय झाकण उघडू नका. असे मेकॅनिक ठाण्यात आणि नवी मुंबईत अजून आहेत, परंतु आता त्यांचे बहुतेक काम एलईडी टीव्हीचे असते. तीन ट्यूबांच्या यंत्रावर हात बसलेला माणूस शोधावा लागेल आणि तो खरेदीच्या आधी शोधायला हवा. खाडीच्या काठी राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जून ते सप्टेंबर या महिन्यांतली दमट, खारट हवा उच्च दाबाच्या विद्युत भागांना आणि जोडांना मानवत नाही. पावसाळ्यात महिना-महिना बंद राहिलेले यंत्र सुरू करताच चटचट आवाज आला, तर ते तत्काळ बंद करावे.

घरातल्यांनी ते कसे वापरायचे, हाही प्रश्न आहे. ट्यूबवर एकाच जागी सतत उजळ राहणारी आकृती फॉस्फरला झिजवते आणि तिचा डाग कायमचा राहतो. वृत्तवाहिनीची खालची पट्टी, क्रिकेटचा धावफलक, मालिकांच्या कोपऱ्यातले वाहिनीचे चिन्ह ही सगळी या यंत्राची शत्रू आहेत. सासूबाईंच्या संध्याकाळच्या मालिका आणि तुमचे क्रिकेट यासाठी टीव्ही वेगळाच लागेल. वीज मात्र घाबरण्याइतकी लागत नाही. यंत्र साधारण ५०० ते ७०० वॅट घेते, म्हणजे तीन तासांच्या चित्रपटाला दोन युनिटच्या आसपास. पण ती सगळी ऊर्जा अखेर उष्णता होऊन त्या बंद, पडदे ओढलेल्या खोलीतच राहते, तेव्हा एसीचा खर्च वेगळा धरा.

आता तुमच्या पत्नीच्या हरकतीविषयी. तुम्ही त्या हरकतीला ‘पैशांचा विरोध’ असे नाव दिले आहे. तुम्हीच लिहिलेले तिचे म्हणणे पुन्हा वाचून पाहा. आई, म्हणजे सासूबाई, आल्या की त्या झोपणार कुठे, असे ती विचारते आहे, आणि तो प्रश्न पैशांचा नाही. काळ्या रंगवलेल्या, खिडक्या झाकलेल्या आणि छताला सत्तर किलो टांगलेल्या खोलीत साताऱ्याहून आलेल्या वयस्क बाईंनी झोपावे, हे तुम्हालाही रुचणार नाही. दोन बेडरूमच्या घरातली एक खोली कायमची एका यंत्राला द्यायची का, हा निर्णय दोघांचा आहे. तो तुर्भ्याच्या व्यापाऱ्याच्या रविवारच्या मुदतीत उरकण्याचा नाही. तिच्याशी बोलताना किंमत बाजूला ठेवा आणि खोलीविषयी बोला. कदाचित तिच्याकडे तुमच्यापेक्षा चांगला तोडगा असेल.

तर पर्याय कोणते? पहिल्या होम थिएटरसाठी, या खोलीत आणि या बजेटमध्ये हा प्रोजेक्टर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे रो-हाऊसच्या तळमजल्यावर पंधरा-सोळा फूट लांबीची स्वतंत्र खोली आहे, ज्यांनी एखादे साधे होम थिएटर काही वर्षे वापरले आहे आणि ज्यांना दुरुस्तीची आवड आहे, अशा वाचकांना मी वेगळे उत्तर दिले असते.

तुमच्यासाठी क्रम उलटा करावा असे सुचवतो. आधी खोली अंधारी करा, तीही आईंची गैरसोय न होता. खिडकीला प्रकाश न येऊ देणारे दुहेरी पडदे लावा. पडद्याच्या भिंतीला आणि तिच्या लगतच्या तीन-चार फुटांना चकाकी नसलेला गडद करडा किंवा गडद तपकिरी रंग द्या, जमल्यास तेवढ्या छतालाही. जमिनीवर सतरंजी अंथरा. मग एखादा डिजिटल प्रोजेक्टर दोन दिवसांसाठी भाड्याने आणा. लग्नसमारंभांना आणि कार्यालयांना प्रोजेक्टर भाड्याने देणारे ठाणे-वाशी पट्ट्यात सहज सापडतात. आपल्या आवडीच्या चित्रपटातले रात्रीचे प्रसंग त्यावर लावून दोघांनी पाहा. आज तुम्हाला खटकणारा करडेपणा किती यंत्राचा आणि किती खोलीचा, हे या दोन रात्रींत डोळ्यांना दिसेल. अनेकांचे समाधान तिथेच होते.

तसे झाले तर चांगल्या कंपनीचा, खऱ्या १०८०पी पॅनेलचा नवा किंवा वापरलेला एलसीडी अथवा डीएलपी प्रोजेक्टर घ्या. वापरलेला घेताना मेनूमधले दिव्याचे तास पाहा आणि नवा दिवा मिळतो का, याची चौकशी करा. अगदी स्वस्त यंत्रांवर छापलेले ल्युमेनचे मोठे आकडे आणि ‘१०८०पी सपोर्ट’ ही अक्षरे यांवर विसंबू नका. आतला पॅनेल पुष्कळदा त्याहून बराच कमी तपशिलाचा असतो. उरलेल्या पैशांतला मोठा वाटा आवाजाला द्या, विशेषतः मधल्या स्पीकरला, कारण संवाद तिथूनच येतात. काळ्या रंगाची ओढ तरीही शमली नाही, तर सोनी आणि जेव्हीसी यांचे वापरलेले एलकॉस जातीचे (चिपवरून प्रकाश परावर्तित करणारे) प्रोजेक्टर या बाबतीत डिजिटलमध्ये सर्वांत पुढे आहेत, पण ते बजेट ताणतील. दुसरी वाट ओएलईडी टीव्हीची. तिथे प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून काळा रंग सीआरटीसारखाच पुरा काळा असतो. पाच फुटी पडद्याच्या तुलनेत ६५ इंची ओएलईडी फारसा लहान नाही. दीड लाखात स्पीकरसह तो बसवणे अवघड जाईल, पण ५५ इंचीचा विचार करता येईल, आणि आईंची खोली आईंचीच राहील.

एवढे वाचूनही तो प्रोजेक्टर मनातून जात नसेल, तर निदान तो नीट पाहून घ्या. अशा यंत्राच्या शोधात असलेल्या इतर वाचकांनाही हे उपयोगी पडेल. यंत्र बंद असताना प्रत्येक लेन्समधून टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून ट्यूबच्या तोंडाकडे पाहा. फॉस्फरचा थर सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. मधोमध एक आयत भोवतालच्या कडेपेक्षा काळपट दिसत असेल तर ट्यूब झिजलेली आहे, आणि त्या आयतात एखाद्या मेनूच्या ओळी वाचता येत असतील तर प्रशिक्षण केंद्रातल्या संगणकाची तीच स्थिर प्रतिमा वर्षानुवर्षे तिथे उभी होती, असे समजा. हिरव्या आणि निळ्या ट्यूबकडे जास्त लक्ष द्या, कारण बहुधा त्या आधी थकतात. ट्यूब आणि लेन्सच्या मध्ये थंडाव्यासाठी ग्लायकॉल भरलेले असते. त्यात कडेला कापसाच्या तंतूंसारखे काही तरंगताना दिसले तर ती बुरशी आहे. ती साफ करता येते, पण त्यासाठी लेन्स उतरवून द्रव बदलावा लागतो. खाली चिकट ओघळ दिसला तर गळती आहे.

मग यंत्र अगदी थंड अवस्थेत, तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. ‘सकाळीच चालवून पाहिले’ हे उत्तर स्वीकारू नका. तिन्ही ट्यूब एकेक करून पाहा, यंत्रातलीच जाळीची आकृती लावा, आणि दोन तास ते चालू ठेवा. त्या वेळात चित्र आकसते का, रंग बदलतो का, जळका वास किंवा चटचट येते का, याकडे लक्ष द्या. मूळ रिमोट आहे का, हे नक्की विचारा, कारण अनेक मॉडेलची जुळणी रिमोटशिवाय करताच येत नाही. सर्व्हिस मॅन्युअल आणि तासांची नोंद मिळाली तर उत्तम. यातले काहीच दाखवायची व्यापाऱ्याची तयारी नसेल, तर ती वस्तू भंगार म्हणूनच पाहावी लागेल आणि तिची किंमतही भंगाराचीच. बिघडलेल्या सीआरटीच्या काचेत शिसे असते, त्यामुळे ती नुसती फेकून देता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच गेली पाहिजे. म्हणजे फसलेल्या खरेदीची विल्हेवाट लावण्याचे कामही शेवटी तुमच्याच गळ्यात येईल.

व्यापाऱ्याला रविवारची वाट न पाहता उद्याच फोन करा आणि मॉडेल क्रमांक, रिमोट आणि दोन तास चालवून दाखवण्याची तयारी एवढेच विचारा. टोकन देऊ नका. दिले असेल तर ‘चालू स्थितीत दाखवल्यावरच व्यवहार, अन्यथा रक्कम परत’ असे संदेशाने लेखी मागून घ्या. दुसऱ्या गिऱ्हाइकाने तो नेला तर नेऊ द्या. खोली तयार झाल्यावर आणि भाड्याच्या प्रोजेक्टरवर चित्रपट पाहून झाल्यावर तुम्हा दोघांचे मत काय झाले, ते मला अवश्य कळवा. त्या वेळीही सीआरटीच हवा असे ठरले, तर मॉडेल क्रमांक आणि खोलीची अचूक मापे पाठवा, म्हणजे पडद्याची रुंदी आणि टांगण्याची जागा आपण मोजून ठरवू.